घटपर्णीला पानं भरपूर, पिचर एकही नाही. कुठे चुकतंय?

पालवी

घटपर्णी म्हणजे नेपेंथिस, जात व्हेंट्राटा, आठ महिन्यांपासून घरात आहे. आणली तेव्हा सहा पिचर (पानाच्या टोकाला लटकणारे, किडे पकडणारे घट) होते. दोन महिन्यांत सगळे झाकणाकडून खाली वाळत गेले. त्यानंतर नऊ नवी पानं आली, पिचर शून्य. पानाच्या टोकाला तणावा (दोऱ्यासारखा बारीक धागा) येतो, तणाव्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी कळी दिसते आणि ती तिथेच तपकिरी होऊन वाळते. शेवटच्या दोन पानांना तर तणावाही जेमतेम बोटभर.

बाकीचं सगळं एकदमच सांगते:

जागा: खिडकीपासून दोनेक मीटर आत. खोली उजेडाची, पण थेट ऊन नाही.
मिश्रण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं, त्यात मूठभर गांडूळखत.
पाणी: प्यायच्या आरओचं, रोज अर्धी वाटी. खालच्या बशीत कधीच उतरत नाही, म्हणजे जास्त होत नसावं.
खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा कुंडीत.
हवा: दमटपणा ४५ ते ६० टक्के, तापमान २२ ते ३२ अंश. दिवसातून दोनदा पानांवर फवारा.

पानं गडद हिरवी, लांब, जरा लोंबणारी. अलीकडच्या दोन-तीन पानांच्या कडा तपकिरी होताहेत. वाळक्या पिचरमध्ये मेलेल्या मुंग्या टाकून पाहिल्या, काही फरक नाही.

निवडुंग

दमटपणा कमी पडतोय. ही पावसाळी जंगलातली झाडं, ७०-८० टक्क्यांच्या खाली पिचर धरत नाहीत. पारदर्शक पिशवी घालून ठेवा, महिन्याभरात फरक दिसेल.

मूळपुरुष

निवडुंग, व्हिलोसा किंवा हमाटासारख्या उंच डोंगरातल्या नखरेल जातींबद्दल बोलत असतो तर मान डोलावली असती. व्हेंट्राटा हा व्हेंट्रिकोसाचा संकर, घरात वाढवायला सगळ्यांत सोशिक. ५० टक्क्यांच्या आसपास ती बिनतक्रार पिचर धरते. दमटपणा हे या धाग्यातलं तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचं कारण असेल, पहिलं नव्हे.

पालवी, आधी दोन गोष्टी बाजूला ठेवा. जुने सहा पिचर वाळले त्याचं मनावर घेऊ नका. जागा बदलली की नेपेंथिस जुने पिचर सोडून देते, आणि एरवीही पिचर काही महिन्यांचाच सोबती. जुनं पिचर तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही; तुमच्याकडे फुटलेलं नवं पान सांगतं. दुसरं, पिचर नसलेल्या झाडाला मुंग्या 'खाऊ घालून' पिचर येत नाहीत. वाळक्या पिचरमध्ये ना पाचकरस असतो ना जिवंत ग्रंथी. ती मुंगी तिथे नुसती पडून राहते.

आता कळीकडे बघा. निदान तिथेच होतं, आणि ती कुठल्या टप्प्यावर थांबते यावर सगळं ठरतं.

तणावा आखूड, टोकाला सुईसारखं टोक, ते हिरवंच राहतं आणि फुगतच नाही: उजेड कमी.

कळी मसुराएवढी, शेंगदाण्याएवढी फुगली, कधी झाकणाची रेघही दिसायला लागली आणि मग एकाएकी वाळली: हवा अचानक कोरडी झाली, मुळं एकदा पूर्ण सुकली, किंवा वाढ चालू असताना कुंडी हलवली, फिरवली. निवडुंगांचा सल्ला या प्रकाराला लागू पडतो.

कळीचं टोक काळं-तपकिरी आणि सोबत पानांचं टोक, कडाही करपलेल्या: मुळाशी क्षार साचलेत.

नवं पान मुळातच चुरगळलेलं, वेडंवाकडं, त्यावर चंदेरी ओरखडे किंवा बारीक ठिपके: फुलकिडे नाहीतर कोळी कीड. दहापट भिंगातून पानाची खालची बाजू आणि वाढीचं टोक बघा.

प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान आणि फिकट: मुळं गेली आहेत किंवा जाताहेत.

तुमच्या वर्णनात पहिलं आणि तिसरं, दोन्ही एकत्र दिसतंय. गडद हिरवं, लांब, लोंबणारं पान म्हणजे उजेडाची भूक. लोक त्यालाच 'तब्येत छान आहे' म्हणतात. नेपेंथिसला पुरेसा उजेड मिळाला की पान आखूड, जाडसर, पोपटी होतं आणि नव्या पानावर तांबूस झाक येते. पिचर करणं झाडाला महाग पडतं. उजेड कमी असला की ते पिचरचा खर्च टाळून पानाचं पातं वाढवतं.

खिडकीपासून दोन मीटर आत आपल्या डोळ्यांना उजेड वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. फोनवरच्या लक्समीटरने (उजेड मोजणाऱ्या ॲपने) मोजा. अचूक नसला तरी अंदाजाला पुरतो. तुमच्या जागी बहुधा हजाराच्या आत आकडा येईल. हवेत दहा ते वीस हजार लक्स, दिवसाचे बरेच तास. मीटर नसेल तर पानावर हात धरा: सावलीची कड स्पष्ट दिसली पाहिजे. सावली पुसटच पडत असेल तर पिचर विसरा.

मात्र आजच उचलून उन्हात ठेवू नका. सावलीतलं पान एका दुपारीत पांढरं पडून भाजतं. दर तीन-चार दिवसांनी थोडं पुढे, दोन आठवड्यांत खिडकीशी. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास चालेल, दुपारचं काचेतून येणारं नको. खिडकीच नसेल तर २०-३० वॉटचा पांढरा एलईडी पानांपासून ३० सेंटिमीटरवर, रोज १२ ते १४ तास, टायमर लावून.

क्षारपड

उजेडाबद्दल सहमत. पण मला या धाग्यात सगळ्यांत भीतीदायक वाटलेलं वाक्य म्हणजे 'बशीत कधीच उतरत नाही'.

रोज अर्धी वाटी पाणी घातलं, त्यातलं पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाहेर काही जातच नाही. त्यावर दर पंधरा दिवसांनी खत. आठ महिन्यांत त्या कुंडीचं मिठागर झालं असणार.

आरओचं म्हणता, पण पिण्याच्या आरओत पाण्याला चव यावी म्हणून शेवटी खनिजं परत मिसळतात, किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा एक स्क्रू असतो. मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणीतून) १५-२० पीपीएमने (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) निघालेलं पाणी नळीतून ८०-१५० होऊन येतं. कीटकभक्षी झाडांना ५० च्या आत हवं. नेपेंथिस त्यांतल्या त्यात समजूतदार, १०० पर्यंत चालवून घेते, पण तेही कुंडी वेळोवेळी धुतली जात असेल तर. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा एसीतून ठिबकणारं पाणी वापरता येतं. एसीच्या पाण्यात कॉइलवरचा तांबं-ॲल्युमिनियमचा अंश आणि धूळ येऊ शकते, म्हणून नेहमीसाठी मी तरी पावसाचंच सुचवेन.

खत कुंडीत घालणं आजपासून बंद. लिटरला अर्धा ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅम, ते 'थोडंसं' नाही. शिवाय १९:१९:१९ मधला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि युरियाचे पाण्यात आयन होत नसल्याने टीडीएस मीटरला तो दिसतच नाही. म्हणजे मीटर दाखवतो त्याहून जास्तच मुळाशी जातं. गांडूळखताचंही तेच, फक्त सावकाश.

नत्र मुळातूनच मिळायला लागला की सापळ्यावर खर्च करायची गरज उरत नाही, हा आणखी एक मुद्दा. सारासेनिया पर्प्युरिया या दुसऱ्या पिचरवाल्या झाडावर एलिसन आणि गोटेली या संशोधकांनी २००२ साली हे दाखवलं: नत्र जास्त मिळालेल्या झाडांनी पिचर लहान केले आणि चपट्या, नुसता प्रकाश घेणाऱ्या पानांवर भर दिला. ती वनस्पती वेगळ्या कुळातली, त्यामुळे आकडे इकडे जसेच्या तसे लावू नका, पण दिशा तीच.

अंदाजावर राहायचं नसेल तर ही चाचणी करा. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा. मग डिस्टिल्ड पाणी वरून सावकाश, गोल फिरवत ओता, खालून ५० मिलिलिटरच्या आसपास उतरेपर्यंत. ते उतरलेलं पाणी स्वच्छ वाटीत धरून टीडीएस मीटरने मोजा. १०० च्या आत आलं तर छान. १००-२०० असेल तर कुंडी धुवायला हवी. ३०० च्या वर असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, मिश्रणच बदला. मीटर मुळात विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ किंवा ०.७ ने गुणून पीपीएम दाखवतो, म्हणून दोन मीटरांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. एकाच मीटरने आत जाणारं आणि बाहेर येणारं मोजा, फरक महत्त्वाचा.

पालवी

मोजलं. आरओचं पाणी ९२. कुंडीतून उतरलेलं ७१०, रंग चहासारखा. लक्स दुपारी १२ वाजता ६४०.

भिंगातून पानाखाली काही हलताना दिसलं नाही, ओरखडेही नाहीत. पण कुंडीच्या वरच्या थरात खरवडलं तर मुळं काळी कुळकुळीत दिसली. म्हणजे सडली का? छाटून टाकू?

मूळपुरुष

थांबा, कात्री खाली ठेवा! नेपेंथिसची निरोगी मुळं काळीच असतात. बारीक, केसांसारखी, तपकिरी-काळी, फक्त वाढतं टोक फिकट. पांढऱ्या मुळांची सवय असलेले लोक इथे फसतात आणि चांगलं झाड बोडकं करून ठेवतात. सडकं मूळ रंगावरून नाही, बोटावरून ओळखायचं: हलकं ओढलं की साल सुटून हातात येते, आत दोरा उरतो, आणि कुजकट वास येतो. जिवंत मूळ तुटलं तरी कडक असतं.

७१० आहे म्हटल्यावर मिश्रण बदलायचंच. कोकोपीटमध्ये मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं आणि ते तंतूंना धरून बसतं. साध्या पाण्याने कितीही धुतलं तरी सगळं सुटत नाही, म्हणून नेपेंथिसला ते न वापरलेलं बरं.

नवं मिश्रण: लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ) दोन भाग, परलाइट एक भाग, ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल एक भाग. मॉस डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवून पिळून घ्या, इतकं की मुठीत दाबल्यावर थेंबभर पाणी निघावं. परलाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ नाकात जाऊ नये. कुंडी प्लॅस्टिकची, १२ ते १५ सेंटिमीटर, तळाला भरपूर भोकं. नवी मातीची कुंडी नको, ती भिंतीतून पाणी शोषते आणि क्षार धरते.

झाड काढण्याआधी कुंडी चांगली भिजवा. बुंध्याला धरून ओढू नका. कुंडी आडवी करून दाबा, गोळा अख्खा सरकवा. डिस्टिल्ड पाण्याच्या बादलीत गोळा बुडवून हलकेच वरखाली करा, कोकोपीट आपोआप सुटून तळाशी बसतं. बोटांनी विंचरायचं नाही, ही मुळं काचेच्या तारेसारखी मोडतात. थोडं कोकोपीट अडकून राहिलं तर राहू द्या. नव्या कुंडीत मॉस सैल भरा. ठासून भरलं की हवा जाते आणि मग खरंच सडतं. बुंधा आधी होता तेवढाच खोल. शेवटी अर्धा लिटर पाणी वरून ओतून निथळू द्या.

यानंतर पाण्याची पद्धत बदला: रोज घोटभर नाही. वरचा सेंटिमीटरभर थर हाताला जेमतेम ओलसर लागला की भरपूर द्यायचं, खालून वाहीपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. नेपेंथिसला पाण्यात उभं ठेवू नका.

निवडुंग

मग माझी पिशवी गेलीच का?

मूळपुरुष

नाही, आता तिची वेळ आली. कुंडी बदलल्यावर मुळांना पाणी ओढायला दोन-तीन आठवडे त्रास होतो, तेवढ्यात पानांतून कमी उडालं तर चांगलं. पिशवीला पेन्सिलएवढी चार-पाच भोकं पाडा, काड्या रोवून ती पानांपासून दूर ठेवा आणि थेट ऊन लागणार नाही असं बघा. उन्हात बंद पिशवी म्हणजे कुकर. तिसऱ्या आठवड्यापासून रोज भोकं वाढवत जा. एका झटक्यात काढलीत तर जी कळी फुगत असेल ती तिथेच वाळेल.

दिवसातून दोनदा फवारा मात्र कशासाठीच नको. दमटपणा दहा-पंधरा मिनिटं वाढतो आणि परत खाली येतो. उरतात ते पानावरचे पांढरे डाग, आणि वाढीच्या टोकात पाणी अडकलं तर बुरशी.

माशीमारे

धाग्याला थोडं वळण देतो. व्हीनस फ्लायट्रॅपलाही (पानाचा सापळा मिटून माशा पकडणारं झाड) हेच सगळं लागू का? सापळे एकामागून एक काळे पडताहेत. बशीत पाणी ठेवत नाही, कारण 'सडतं' असं वाचलं होतं. खिडकीत आहे, ऊन तासभर. मुलं दिवसातून चार वेळा सापळे मिटवून बघतात.

क्षारपड

पाण्याची शुद्धता सोडली तर जवळजवळ सगळं उलटं.

फ्लायट्रॅप दलदलीतला. उंच कुंडी, बशीत एक-दोन सेंटिमीटर शुद्ध पाणी, मॉस आणि परलाइट. त्याला बशी हवीच, नेपेंथिसला नको. ऊन तासभर नाही, थेट पाच-सहा तास. उन्हातल्या सापळ्याची आतली बाजू बऱ्याच जातींत लाल होते. फिकट हिरवी आणि पानं लांब-आडवी असतील तर उजेड कमी.

आणि मुलांना आवरा. आतल्या केसाला वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो. आत काही सापडलं नाही तर साधारण दिवसभरात उघडतो, पण मिटणं हे खर्चाचं काम आहे आणि एका सापळ्याला ते मोजक्याच वेळा जमतं. मग तो काळा पडतो. मेलेली माशी टाकून उपयोग होत नाही तोही याचसाठी: सापळा मिटल्यावर आत हालचाल चालू राहिली तरच पाचकरस सुटतो. मेलेलं द्यायचंच असेल तर मिटलेला सापळा बाहेरून दोन बोटांनी मिनिटभर हलकेच दाबत राहा. किडा सापळ्याच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. पाय बाहेर राहिला तर फट राहते आणि आत कुजतं.

एखाददुसरा सापळा काळा पडणं नेहमीचं. बघायचं ते मधला कोंब. तो हिरवा, टणक असेल आणि नवी पानं येत असतील तर निर्धास्त राहा. मऊ, तपकिरी झाला असेल तर कंद सडतोय.

एक प्रश्न उलट: हिवाळ्यातली विश्रांती मिळते का त्याला? तीन-चार महिने साधारण २ ते १० अंश हवेत. ती न मिळता वर्षभर उबेत ठेवलेला फ्लायट्रॅप दरवर्षी क्षीण होत जातो, आणि लोक पाण्याला दोष देत बसतात. थंडी पडतच नसेल तर फ्रिज: कंद धुऊन, काळी पानं छाटून, पिळलेल्या ओलसर मॉसमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ४-५ अंशांवर, १० ते १२ आठवडे. दर पंधरवड्याला उघडून बुरशी बघा. फ्रीझरमध्ये नाही. आणि पालवी, हे वाचून घटपर्णी फ्रिजमध्ये नेऊ नका, ती उष्ण प्रदेशातली आहे. तिला विश्रांती नसते.

माशीमारे

गेली दोन वर्षं एकदाही नाही. कोंब हिरवा आणि टणक आहे. बशी आजपासून, आणि यंदा फ्रिजमध्ये जागा करतो.

पालवी

कुंडी बदलली. मुळं बहुतेक टणक, तीन-चारच हातात आली. उतरणारं पाणी आता ३८. पिशवी घातली आहे. दोन शंका: ज्या पानांच्या कळ्या वाळल्यात त्यांना पुन्हा पिचर येईल का? आणि खत आता कधीच नाही का?

मूळपुरुष

वाळलेली कळी परत जिवंत होत नाही. एका पानाला एकच पिचर. पण पान हिरवं आहे तोवर कापू नका, तेच झाडाला पोसतंय. करपलेल्या कडाही तशाच राहतील. तुम्ही नजर ठेवायची ती आता कोंबात गुंडाळलेल्या पानाच्या पुढच्या पानावर. कोंबातलं पान जुन्या परिस्थितीत तयार झालंय, त्याला पिचर नाही आला तर नाउमेद होऊन परत सगळं बदलू नका. दर तीन-चार आठवड्यांना एक पान धरलं तर निकाल कळायला दोन-अडीच महिने.

खत पिचरमधून. झाकण उघडून आठवडाभर झालेल्या पिचरमध्ये महिन्यातून एक-दोन मुंग्या किंवा चिमूटभर वाळवलेले ब्लडवर्म (माशांचं खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या). किंवा हळू विरघळणाऱ्या खताची एकच बारीक गोळी, तीही पिचरमध्ये, कुंडीत नाही. मांस, अंडं, चीज अजिबात नको. न उघडलेलं पिचर बोटाने उघडायचं नाही, आणि कुंडी हलवताना रस सांडला तर तळाशी दोनेक सेंटिमीटर डिस्टिल्ड पाणी घाला.

क्षारपड

उतरणारं पाणी महिन्यातून एकदा मोजत राहा. १०० ओलांडलं की कुंडीच्या आकाराच्या तिप्पट शुद्ध पाणी वरून सोडा, म्हणजे दीड लिटरची कुंडी असेल तर साडेचार लिटर, एकदम नाही, तीन हप्त्यांत. आणि आरओच्या मागचा तो स्क्रू फिरवायच्या फंदात पडू नका, घरातले लोक तेच पाणी पितात. झाडासाठी वेगळी बाटली भरा.